मशीनवरचा आकडा आणि अब्बांचे रोजे

दोन वर्षांपूर्वीच्या रमजानमधला बारावा रोजा. पहाटेचे साडेतीन वाजले असतील. अम्मी स्वयंपाकघरात चपात्या शेकत होती. सहरीला उठवणाऱ्यांची हाक गल्लीत अजून यायची होती. अब्बांना उठवायला त्यांच्या खोलीत गेलो, तर ते आधीच जागे होते. पलंगाच्या काठावर पाय खाली सोडून, दोन्ही हात गुडघ्यांवर टेकवून बसलेले. "लेटनेकू नहीं हो रहा, बेटा," एवढंच म्हणाले. तेवढं बोलतानाही त्यांना मध्ये दम घ्यावा लागला.

उशाशी बीपीचं मशीन होतं. मी घाईघाईने त्यांच्या दंडाला पट्टा बांधला. आकडा आला 132 आणि 82. मला हायसं वाटलं. बीपी तर छान आहे, मग रात्रीच्या भज्यांनी गॅस झाला असेल, असं मी अम्मीला सांगितलंही. तासाभराने अब्बा अतिदक्षता विभागात होते. त्यांच्या फुप्फुसांत पाणी साचलं होतं. मशीनवरचा चांगला आकडा पाहून मला जे हायसं वाटलं, त्याची खंत आजही मनात आहे.

मी कॉलेजात भाषा शिकवतो, डॉक्टर नाही. पण त्या पहाटेनंतर डॉक्टरांना विचारून, वाचून आणि घरातल्या चुका मोजून जे समजलं, ते रमजानच्या या दिवसांत सांगायलाच हवं असं वाटतं. कारण हृदय कमजोर झालेला एखादा तरी बुजुर्ग आज आपल्या प्रत्येक मोहल्ल्यात आहे. त्याच्या उशाशी मशीन आहे, गोळ्यांचा डबा आहे, आणि मनात रोजा ठेवायची ओढ आहे.

सहाव्या रात्री काय झालं

अब्बांनी सोलापुरात चाळीस वर्षं शिलाईचं दुकान चालवलं. शेरवानी आणि पठाणी ही त्यांची खासियत. बीपीचा त्रास वीसेक वर्षांपासून. डोकं दुखलं की गोळी, बरं वाटलं की बंद, असा त्यांचा खाक्या होता. सत्तरी ओलांडल्यावर जिना चढताना दम लागू लागला. संध्याकाळी चपलेचा पट्टा पायात रुतू लागला. इको काढला तेव्हा हृदयाचं पंपिंग 32 टक्क्यांवर आलेलं निघालं. हृदयाच्या डाव्या कप्प्यात भरलेल्या रक्तापैकी किती टक्के रक्त एका ठोक्यात बाहेर फेकलं जातं, ते हे पंपिंग. निरोगी माणसात ते साधारण 55 ते 70 टक्के असतं.

डॉक्टरांनी हार्ट फेल्युअर हा शब्द उच्चारला तेव्हा अम्मी रडायलाच लागली. 'फेल' म्हणजे बंद पडलं, असंच तिला वाटलं. तसं नसतं. हृदय चालू असतं, पण शरीराच्या गरजेइतकं काम त्याला झेपत नाही. रक्त मागे तुंबतं, त्यामुळे पायांवर सूज येते, फुप्फुसांत पाणी साचतं. चार-पाच प्रकारच्या गोळ्या सुरू झाल्या. वर्षभर अब्बा ठीक राहिले. मग रमजान आला. डॉक्टरांना न विचारताच त्यांनी रोजे सुरू केले. आम्हीही अडवलं नाही. कोणत्या तोंडाने अडवणार? नवव्या वर्षी रोजाकुशाई झाल्यापासून त्यांचा एक रोजा चुकला नव्हता.

सहाव्या रात्री तरावीहच्या नमाजमध्ये सजद्यातून उठताना अब्बांचा तोल गेला. शेजारच्या माणसाने सावरलं. मशिदीजवळच्या मेडिकलमध्ये बीपी बघितलं तर 94 आणि 58. झालं! जमलेल्या प्रत्येकाने एकच सल्ला दिला, "बीपी लो है चाचा, बीपी की गोलियां बंद करो." सल्ला प्रेमाचा होता आणि वरवर पाहता बरोबरही वाटत होता. अब्बांनी सगळ्या गोळ्या बंद केल्या. मीही मान डोलावली.

पुढचे पाच दिवस मशीनने आम्हाला खूश केलं. 112, मग 118, मग 124. "देखो, मशीन तो अच्छा बता रही है," अब्बा म्हणायचे. त्या पाच दिवसांत उशा एकाच्या दोन आणि दोनाच्या तीन झाल्या. मोजे काढल्यावर घोट्यांवर वळ दिसू लागले. आमचं लक्ष मात्र आकड्यावर होतं. आकडा सुधारत होता आणि हृदय खचत होतं.

गोळी कशासाठी असते

अतिदक्षता विभागाबाहेर डॉक्टरांनी मला एक प्रश्न विचारला. "तुमच्या गावाकडं विहिरीवर मोटर आहे ना? मोटर जुनी झाली आणि पुढं पाइपचा कॉक अर्धा बंद ठेवला, तर काय होईल?"

"मोटर जळेल," मी म्हणालो.

"मग चाचांच्या गोळ्या तो कॉक उघडत होत्या. तुम्ही तो बंद केलात."

हार्ट फेल्युअरमधल्या बीपीचं सगळं गणित या उत्तरात आहे. एरवीच्या बीपीच्या रुग्णाला गोळी देतात ती आकडा खाली आणण्यासाठी. हृदयाचं पंपिंग कमी झालेल्या रुग्णाला त्याच जातीची गोळी देतात ती कमजोर हृदयावरचा भार उतरवण्यासाठी. यातला एक गट रक्तवाहिन्या सैल करतो. दुसरा गट बीटा ब्लॉकर गोळ्यांचा. तो हृदयाची धावपळ कमी करतो. तिसरी गोळी स्पायरोनोलॅक्टोनच्या जातीची. शरीरात मीठ-पाणी धरून ठेवणाऱ्या संप्रेरकाला ती अडवते. चौथी, डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन, मुळात मधुमेहासाठी आली आणि मधुमेह नसलेल्या कमजोर हृदयालाही उपयोगी ठरली. साचलेलं पाणी काढायला लघवीची गोळी असते ती या चौघींखेरीज. पहिल्या चार गटांनी आयुष्य वाढतं, हे मोठमोठ्या चाचण्यांतून सिद्ध झालं आहे. या गोळ्यांनी बीपीही कमी होतं, पण ते त्यांचं मुख्य काम नव्हे.

म्हणून अशा रुग्णाचं वरचं बीपी 105 किंवा 100 आलं, आणि त्याला चक्कर नाही, डोळ्यांपुढे अंधारी नाही, लघवी नीट होते आहे, तर पुष्कळदा डॉक्टर गोळ्या चालूच ठेवतात. ज्या आकड्याला आपण 'लो' म्हणून घाबरतो, त्या आकड्यावर कमजोर हृदय सुखाने काम करत असू शकतं. गोळ्या अचानक सोडल्या की रक्तवाहिन्या पुन्हा आवळतात आणि शरीर मीठ-पाणी साठवू लागतं. बीपी वर येतं, आपण समाधानी होतो, आणि जुनी मोटर बंद कॉकवर जोर लावत राहते. आमच्या घरात अगदी हेच घडलं.

याचीच दुसरी बाजू आहे. हार्ट फेल्युअरच्या सगळ्याच रुग्णांचं पंपिंग कमी नसतं. कित्येकांचं, विशेषतः वर्षानुवर्षं बीपी, मधुमेह आणि वाढलेलं वजन घेऊन जगलेल्या वयस्कर बायकांचं, पंपिंग कागदावर चांगलं असतं. पण हृदयाची भिंत जाड आणि ताठ झालेली असते. ती नीट सैलावत नाही, म्हणून हृदयात रक्त पुरेसं भरत नाही. त्रास तोच: दम, सूज, रात्री उशाला टेकून बसणं. अशा रुग्णांत वाढलेलं बीपी काबूत ठेवणं फारच महत्त्वाचं. सर्वसाधारणपणे वरचा आकडा 130 च्या खाली असावा असं डॉक्टर पाहतात. पण ऐंशीच्या घरातला, एकदा पडून झालेला, मूत्रपिंड कमजोर असलेला माणूस आणि साठीतला धडधाकट माणूस यांना एकच आकडा लावत नाहीत. शेजारच्या खालांचा आकडा आपल्या अम्मीला लागू होत नाही.

डॉक्टरांनाही हे उशिराच कळलं

उतारवयात बीपी थोडं वाढायचंच, असं आपल्याकडे अजूनही ऐकू येतं. एके काळी डॉक्टरही असंच मानत. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांना मार्च 1944 मध्ये हॉवर्ड ब्रून या तरुण हृदयतज्ज्ञाने तपासलं. रूझवेल्ट तेव्हा 62 वर्षांचे होते. बीपी 186 आणि 108, हृदय मोठं झालेलं, हार्ट फेल्युअरची लक्षणं स्पष्ट. हाताशी डिजिटॅलिस होतं, कमी मिठाचा आहार होता आणि विश्रांतीचा सल्ला. बीपी खात्रीने उतरवील असं औषध जगातल्या सर्वांत सामर्थ्यवान माणसासाठीही नव्हतं. 12 एप्रिल 1945 रोजी मेंदूत रक्तस्राव होऊन ते गेले. त्या दिवशी त्यांचं बीपी 300 च्या वर पोहोचलं होतं.

पुढच्या शोधांत आपल्या मातीचाही वाटा आहे. 1931 च्या सुमारास दिल्लीच्या तिब्बिया कॉलेजात सलीमुज्जमां सिद्दीकी यांनी सर्पगंधेच्या मुळ्यांमधली द्रव्यं वेगळी केली आणि एकाला हकीम अजमल खान यांच्या स्मरणार्थ 'अजमलीन' हे नाव दिलं. 1949 मध्ये मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधेने बीपी उतरतं हे आपल्या रुग्णांच्या अनुभवावरून एका ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात मांडलं, आणि जगाचं लक्ष या झुडपाकडे गेलं. 1952 मध्ये त्यातून रेसर्पीन वेगळं झालं. आज त्याहून चांगली औषधं आल्यामुळे ते मागे पडलं आहे. मनाला उदासी आणणं हा त्याचा दोष होता. म्हणून कुणी सर्पगंधेची पुडी आणून दिली तर अब्बा-अम्मीला ती देऊ नका.

बीपी आणि हार्ट फेल्युअर यांचं नातं किती घट्ट आहे, हे अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावाच्या दीर्घ अभ्यासाने दाखवलं. 1996 मध्ये छापून आलेल्या त्याच्या निष्कर्षानुसार, हार्ट फेल्युअर झालेल्यांपैकी 91 टक्के लोकांना आधीपासून बीपीचा विकार होता. तरीही ऐंशीच्या पुढे बीपीवर उपचार करावेत की नाही, याबद्दल डॉक्टरांत दुमत होतं. 2008 मध्ये 'हायवेट' या चाचणीने त्याचं उत्तर दिलं. तिच्यात 80 वर्षांवरचे 3,845 रुग्ण होते. वरचं बीपी 150 पर्यंत उतरवायचं, एवढंच माफक लक्ष्य. तेवढ्यानेही नवं हार्ट फेल्युअर होण्याचं प्रमाण 64 टक्क्यांनी घटलं. 2015 च्या 'स्प्रिंट' चाचणीत 9 हजारांहून अधिक लोकांत 120 च्या खालचं लक्ष्य ठेवलं, तेव्हा 140 च्या तुलनेत हार्ट फेल्युअर आणि मृत्यू दोन्ही कमी झाले.

मात्र एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. ज्यांना हार्ट फेल्युअरचा त्रास आधीच सुरू होता, ते रुग्ण 'स्प्रिंट'मध्ये घेतले नव्हते. म्हणजे हृदय शाबूत असताना आकडा उतरवणं ही एक गोष्ट, आणि हृदय कमजोर झाल्यावर तोच आकडा वाचणं ही वेगळी. अब्बांनी पन्नाशीत रोज गोळी घेतली असती, तर सत्तरीत कदाचित ही वेळ आली नसती. आता मात्र त्यांचं माप वेगळ्या पद्धतीने घ्यावं लागणार होतं.

बसून माप, उभं राहून माप

तरावीहमध्ये अब्बांचा तोल का गेला होता? डॉक्टरांनी त्या दिवसाचा हिशेब मांडला. 13 तास पाण्याचा थेंब नाही, त्यात सोलापूरचं ऊन. लघवीची गोळी नेहमीसारखीच, तीही सहरीला, म्हणजे दिवसभर पाणी आत काही नाही आणि बाहेर मात्र चालू. संध्याकाळी पोटभर इफ्तार. जड जेवणानंतर रक्त पोटाकडे धावतं आणि उतारवयात त्यामुळे बीपी चांगलंच उतरू शकतं. त्यावर रक्तवाहिन्या सैल करणारी गोळी. आणि मग वीस रकातींची उठबस. सजद्यातून कयाममध्ये उभं राहताना रक्त पायांकडे जातं. तरुण शरीर क्षणात सावरतं. म्हाताऱ्या शरीराला वेळ लागतो. या पाच गोष्टी एका तासात एकत्र आल्या आणि आम्ही दोष दिला फक्त गोळ्यांना. त्या रात्री मेडिकलमधून घरी न येता डॉक्टरांना फोन केला असता, तर त्यांनी रोजा थांबवायला सांगितलं असतं. लघवीची गोळी कमी केली असती, एखाद्या गोळीची वेळ बदलली असती. पण सगळ्या गोळ्या बंद करा, असं ते म्हणाले नसते.

घरी आल्यावर डॉक्टरांनी बीपी मोजायची रीत शिकवली. चहा किंवा तंबाखूनंतर अर्धा तास थांबायचं. लघवी करून यायचं. पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून पाच मिनिटं शांत बसायचं. हात हृदयाच्या पातळीवर, पट्टा उघड्या दंडावर, बाहीवर नाही. एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजायचं. नाडी अनियमित असेल तर तीनदा. मग उभं राहायचं आणि तीन मिनिटांच्या आत पुन्हा मोजायचं. वरचा आकडा 20 ने किंवा खालचा 10 ने उतरला, तर डॉक्टरांना कळवायचं.

उभं राहून कशाला, असं मी विचारलं. डॉक्टरांच्या आधी अब्बांनीच उत्तर दिलं. म्हणाले, "बसलेल्या माणसाचं माप घेऊन शेरवानी कापली, तर तो उभा राहिल्यावर ती फसतेच." डॉक्टर हसले. त्या दिवसापासून या हिशेबाची जबाबदारी अब्बांनी स्वतःकडे घेतली. दुकानातली मापांची जुनी वही काढली. गिऱ्हाईकांच्या छाती-कमरेच्या मापांमागे कोरी पानं होती. त्यावर पट्टीने रकाने आखले: तारीख, वजन, बसून बीपी, उभं राहून बीपी, पायाची सूज.

वजनाचा रकाना डॉक्टरांनी मुद्दाम घालायला लावला. हार्ट फेल्युअरमध्ये वजनकाटा कधी कधी बीपीच्या मशीनपेक्षा आधी बोलतो. रोज सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, काही खाण्याआधी, तसल्याच कपड्यांत वजन करायचं. तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर ती चरबी नव्हे, साचलेलं पाणी असतं. बाराव्या रोज्याच्या पहाटे अब्बांचं वजन चार किलोंनी वाढलेलं होतं. घरात काटा असता, तर ते आम्हाला आधीच दिसलं असतं.

दस्तरखानावरचं मीठ

रमजानमध्ये आपला दस्तरखान सजतो, आणि त्यातलं बरंच काही खारट असतं. भजी, समोसे, कबाब, पापड, लोणचं, फरसाण, बेकरीची खारी. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ पुरे, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा. तेही दिवसभरातल्या सगळ्या पदार्थांत मिळून. आमच्या इफ्तारच्या एका ताटात ते कधीच संपत असे. मीठ पाणी धरून ठेवतं, आणि ते पाणी वाहायचं काम कमजोर हृदयाला करावं लागतं. ज्यांना डॉक्टरांनी पाण्याचं माप घालून दिलं आहे, त्यांनी मगरिबच्या वेळी एका दमात सरबताचे तीन ग्लास पिऊन चालत नाही.

आणखी तीन गोष्टी सहसा कुणी सांगत नाही. पहिली, तरावीहनंतर गुडघे दुखतात म्हणून मेडिकलमधून आणलेली डायक्लोफिनॅक किंवा आयबुप्रोफेनची गोळी. ही औषधं शरीरात मीठ-पाणी अडवतात, मूत्रपिंडावर ताण आणतात आणि हार्ट फेल्युअर बिघडवतात. दुसरी, इफ्तारनंतर ॲसिडिटीसाठी घेतलेली फसफसणारी पूड. तिच्यात सोडियम भरपूर असतं. तिसरी, आरोग्याला चांगलं म्हणून आणलेलं 'कमी सोडियमचं' मीठ. त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम असतं. स्पायरोनोलॅक्टोन किंवा रक्तवाहिन्या सैल करणाऱ्या काही गोळ्यांमुळे रक्तातलं पोटॅशियम आधीच वाढू शकतं. ते फार वाढलं तर हृदयाचा ठोकाच बिघडतो. खजूर आणि नारळपाण्यातही पोटॅशियम असतं. एका खजुराने रोजा सोडायला हरकत नसते. पण वाटीभर खजूर आणि दोन शहाळी रोज घेणार असाल, तर आधी डॉक्टरांना विचारा.

रुखसत हीही त्याचीच देणगी

अब्बा घरी आले तेव्हा रमजानचे नऊ दिवस उरले होते. डॉक्टरांनी रोज्याला साफ मनाई केली होती. खरा कठीण भाग इथून सुरू झाला. अब्बा मगरिबच्या वेळी खोलीतून बाहेरच येईनात. "मैं रोजेदार नहीं, दस्तरखान पर किस मुंह से बैठूं?" दुपारची गोळी ते पडदा ओढून घेत, जणू चोरी करत आहेत.

शेवटी मी मोहल्ल्यातल्या मौलानांना घरी बोलावलं. ते अब्बांशेजारी बसले आणि शांतपणे बोलले. ज्या सूरह बकराहमध्ये रोज्यांचा हुकूम आहे, तिथेच, त्याच्या लगतच, आजारी आणि मुसाफिर यांना सूट दिली आहे. अल्लाहला आपल्यासाठी सोपेपण हवं आहे, अडचण नको, हा भावही तिथेच आहे. बरा होणाऱ्या आजाऱ्याने राहिलेले रोजे नंतर पुरे करावेत. ज्याचा आजार कायमचा आहे, त्याने प्रत्येक रोज्यामागे एका गरजूला जेवू घालावं, म्हणजे फिदया द्यावा. मग ते म्हणाले, "चाचा, रोजा ठेवणं हा त्याचा हुकूम आहे, तशी रुखसतही त्याचीच आहे. तुम्ही हुकूम घेता आणि रुखसत परत करता, हे कसं?" अब्बा बराच वेळ गप्प होते. त्या संध्याकाळी ते दस्तरखानावर आले.

हार्ट फेल्युअरच्या कुणीच रोजा ठेवू नये, असं मी म्हणत नाही. प्रकृती स्थिर असलेले, औषधं नियमित घेणारे काही रुग्ण डॉक्टरांच्या देखरेखीखाली रोजे ठेवतात. त्यांच्या दिवसातून एकदा किंवा दोनदा घ्यायच्या गोळ्या सहरी आणि इफ्तारच्या वेळांत बसवता येतात. लघवीच्या गोळीचा डोस आणि वेळ डॉक्टर ठरवतात. पण हे शाबानमध्ये विचारायचं, चांदरात झाल्यावर नाही. ज्यांना बसल्या जागी किंवा चार पावलांत दम लागतो, जे अलीकडेच दवाखान्यात राहून आले, ज्यांच्या गोळ्यांचं प्रमाण अजून ठरतं आहे, ज्यांचे मूत्रपिंड कमजोर आहेत, त्यांनी रोज्याचा धोका पत्करू नये. ज्याने रोजा ठेवला आहे, त्यालाही चक्कर आली, छातीत दुखलं, दम वाढला, लघवी फार कमी झाली, तर रोजा तिथेच सोडून दवाखाना गाठायचा. मगरिबची वाट बघायची नाही. बीपी मोजल्याने किंवा काट्यावर उभं राहिल्याने रोजा तुटत नाही, हेही मुद्दाम सांगतो. त्या शंकेपायी कित्येक जण दिवसभर मशीनला हात लावत नाहीत. आणि तरावीह खुर्चीवर बसून पढायला धर्माची मुभा आहे. पडून मांडीचं हाड मोडण्यापेक्षा खुर्ची बरी.

घरातल्या मुला-सुनांना एवढीच विनंती, की आपल्या बुजुर्गांचा गोळ्यांचा डबा आज एकदा उघडून बघा. रमजानपूर्वी जितक्या गोळ्या जात होत्या तितक्याच जात आहेत का? कुणाच्या सांगण्यावरून एखादी थांबली आहे का? उशा वाढल्या आहेत का? रागावू नका, आपले वडील रोज्यासाठी गोळी लपवतात, ती इबादतीच्या ओढीने. त्या ओढीला तोंड द्यायला डॉक्टर आणि मौलाना दोघेही लागतात, आणि शेजारी बसणारं एखादं माणूस लागतं.

या रमजानमध्ये अब्बांच्या गोळ्या एकही दिवस चुकलेल्या नाहीत. वरचं बीपी 104 ते 110 च्या दरम्यान असतं आणि आता ते बघून घरात कुणी दचकत नाही. मगरिबची अजान होते तेव्हा दस्तरखानावर पहिला खजूर अब्बा नातवाच्या हातावर ठेवतात. त्याचा हा पहिलाच रमजान आहे रोज्यांचा. मापांच्या वहीत अब्बांनी स्वतःच्या मनाने एक शेवटचा रकाना वाढवला आहे. त्याच्यावर उर्दूत लिहिलं आहे 'फिदया'. मागच्या बाजूच्या झोपडपट्टीत एका बिगारी कामगाराच्या घरी रोज आमच्याकडून जेवणाचा डबा जातो. डबा पोहोचला की अब्बा त्या रकान्यात, कापड कापण्याआधी खडूने करायचे तशी, एक छोटी रेघ ओढतात.